अक्कांचा धुळ्याचा खर्च

लीलाअक्का कापसाच्या पेढीवर शिरल्या की नमस्काराच्या आधी पंखा बंद करायच्या. अमळनेरचा मे महिना. शेठ गादीवर घामाघूम, आणि अक्का समोर कपाळाला पदरही न लावता बसलेल्या.

"आमच्या जीपला पंखा नाही, शेठ. मन बिघडलेलं माणूस याच उकाड्यात धुळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. तुम्हाला कळावं म्हणून."

थोड्याच वेळात डिझेलची सोय व्हायची. जाताना पंखा अक्का स्वतः लावून जायच्या.

अक्का निवृत्त नर्स आणि माझ्या शेजारीण. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. आकडेमोड येते एवढ्या अपराधावरून त्यांनी मला खजिनदार केलं. कोणत्या संस्थेचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. "नाव दिलं की बोर्ड लावावा लागतो, आणि बोर्ड लावला की माणसं लाजतात," असं त्यांचं म्हणणं. सगळा कारभार 'धुळ्याचा खर्च' या दोन शब्दांत चालायचा. मेडिकलवाल्याकडे फोन आला की तो दुकानातून ओरडायचा, "अक्का, धुळं!" आणि जीपवाला शरद जेवणावरून उठलाच.

एकदा दुपारी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून असा फोन आला. राजू नावाचा तरुण कित्येक रात्री झोपला नव्हता. कोणीतरी आपल्याला मारायला येतंय, असं त्याला वाटत होतं. विळा घेऊन तो शाळेच्या खोलीत शिरला होता. आम्ही पोचलो तेव्हा बाहेर जत्रा भरलेली. चारपाच जणांच्या हातात दोर.

अक्का जीपमधूनच अहिराणीत कडाडल्या, "बठ्ठा घर जा रे! तमाशा शे का?"

गर्दी पांगली. अक्का दारापाशी गेल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. आत विळा चमकत होता.

"कोन शे?" आतून आवाज आला.

"म्हातारी शे. बसू दे जरासी."

मग त्या चक्क बसूनच राहिल्या. समजावणं नाही, देवाधर्माचं नाही. झोप कधीपासून नाही, पाणी प्यायलास का, एवढंच अधूनमधून विचारत होत्या. तोही तुटक तुटक बोलू लागला. सावली सरकली. शेवटी अक्का म्हणाल्या, "चल, धुळे जाऊत. झोपनं औषध भेटी. पन भाऊ, मना गुडघा गयात. उठाले हात दे."

हे सोंग नव्हतं. त्यांचे गुडघे खरंच गेलेले होते. राजू पुढे आला. त्यांना दोन्ही हातांनी उठवायला लागणार, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने विळा बाकावर ठेवला.

इतकं अवघड काम इतक्या हळू आवाजात होताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. धुळ्यापर्यंत तो अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून होता आणि अक्का खड्ड्यांवरून शरदला शिव्या घालत होत्या, त्याही कुजबुजत.

राजू महिनाभर दवाखान्यात होता. पुढे गोळ्या चालू ठेवून कामाला लागला. एक-दोन वर्षांनी अमळनेरातलीच मुलगी त्याने केली. वरात आमच्याच गल्लीतून निघाली. आम्हाला पत्रिका नव्हती. अक्का आपल्या ओट्यावर उभ्या राहिल्या, शेजारी मी. घोड्यावरच्या राजूची नजर त्यांच्यावर पडली, क्षणभर अडकली, आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

मला राग आला. "अक्का, त्यानं पाहिलं तुम्हाला!"

"पाहिलं ना? आन् वळख दावी नही." अक्कांचा चेहरा उजळला होता. "म्हनजे पक्का बरा शे. आता लोकांना काय सांगू, याची त्याला काळजी वाटते. आजाऱ्याला ती वाटत नाही."

"सगळे असंच करतात?"

"बरे झालेले सगळे."

बँड कोपऱ्यावरून वळला. आवाज पार विरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी घरी जायला चपला घालू लागलो, तर म्हणाल्या, "घाई आहे का? चहा टाकते. बसा ना थोडं."