चालू काळाचं गाऱ्हाणं

आबा मास्तर इंग्रजी व्याकरण देवाला गाऱ्हाणं घालून शिकवत. कोकणात देवळात घालतात तसंच. डोळे मिटून ते गर्जत, "बा देवा म्हाराजा, ह्यो पांडू माडार चढता हा." पोरं ओरडत, "व्हय म्हाराजा!" मग, "ही इज क्लायम्बिंग, म्हाराजा." पुन्हा, "व्हय म्हाराजा!" त्या वेळी पांडू खरोखरच माडावर असे आणि माडाचा मालक खाली शिव्या देत असे.

"चालू काळ फळ्यार लिवलो की मरता," हे मास्तरांचं ब्रीद. क्रियापद डोळ्यांसमोर घडलंच पाहिजे. म्हणून ते वर्ग घेऊन मालवणच्या बंदरावर जात. मासळी निवडणाऱ्या बायकांकडे बोट करून "दे आर क्वॉरलिंग, म्हाराजा" म्हणाले, की बायका मास्तरांशीच भांडायला उठत. लगेच पुढचं वाक्य येई, "वुई आर रनिंग, म्हाराजा."

इंग्रजी ही गुलामी आणि गाऱ्हाणं ही अंधश्रद्धा, असं मी पत्रकांतून ठणकावत होतो. या गृहस्थाने दोघांचं लग्न लावलं होतं. सरकारने खालच्या वर्गांतून इंग्रजी काढलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मास्तरांच्या वर्गातली पोरं गेली. मागोमाग तेही निवृत्त झाले.

पुढची मागणी होती, कचेऱ्यांचा कारभार मराठीतून करा. अर्ज रत्नागिरीला जायचा होता. त्यावर इंग्रजीच्या मास्तराची सही हवी, नाहीतर साहेब म्हणणार, ही इंग्रजीत नापास झालेल्यांची ओरड. आणि मी नापास होतो हे गावाला ठाऊक होतं.

भांडायच्या तयारीनेच मी त्यांच्या घरी गेलो. मास्तरांनी अर्ज वाचला. "बरोबर लिवलंस. गरिबाक समाजता तीच भाषा व्हयी." दौतीत टाक बुडवून त्यांनी नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि टाक ठेवला.

"ऱ्हवलेला उद्या."

"मास्तर, ही सही आहे की पोथी, रोज एक अध्याय वाचायला?"

"सही चालू आसा," ते शांतपणे म्हणाले. "बस. चाय घे."

रोज एक अक्षर. अक्षरामागे एक चहा आणि एक धडा. "आय अ‍ॅम पोअरिंग टी, म्हाराजा," असं मास्तर म्हणत. आणि देव, साहेब दोघांनाही न मानणारा मी एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणे. चळवळीतले सहकारी चिडले. म्हणाले, उद्याच्या एसटीने अर्ज गेलाच पाहिजे.

मी शेवटच्या अक्षरासाठी गेलो. ओटी झाडलेली, चटई घातलेली, बशीत गुळाचं खाजं.

"शाई संपली रे," मास्तर म्हणाले आणि दौत उपडी करून दाखवली. ओटीखाली जास्वंदीच्या बुंध्याशी निळी शाई अजून ओली होती.

माझ्या खिशाला पेन होतं.

"उद्या येतलंस मा?" त्यांनी बशी पुढे सरकवली. "सकाळच्या वेळाक घर एकदम गप आसता."

मी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली, पेन झाकेल अशी.

"येतंय," म्हटलं.