दर चढेपर्यंत

बायकोला फुकटात घरी आणणारा सोलापुरातला पहिला माणूस मीच ठरणार, असं मी चाळीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

मायाक्का भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती. लग्न झालं, दिवाळी झाली, तरी सासरे पाठवीनात. मी गिरणीतून येऊन थंड चुलीपुढं बसायचो. तिनं कुटून ठेवलेल्या शेंगाचटणीचं मडकं कधीच रिकामं झालं होतं. तरी रोज झाकण काढून वास घ्यायचो आणि खाणावळीत जेवायला जायचो.

तिचं माहेर हद्दीच्या पलीकडं, निजामाच्या मोगलाईत. तिथं आपला इंग्रजी कलदार रुपया चालत नसे, हाली रुपया चालायचा. सहा कलदार दिले की सात हाली मिळत. एवढं कळल्यावर माझं डोकं गिरणीच्या चात्यासारखं फिरायला लागलं. कलदार न्यायचे, जास्तीचे हाली घ्यायचे, सासऱ्यांच्या बाजारात शेळी घ्यायची आणि सोलापुरात कलदारला विकायची. वरच्या नफ्यात गाडीभाडंही सुटलं आणि मायाक्काला लुगडंही आलं!

शेजारची सावित्रम्मा म्हणाली, "बायको आणायला चाललाय का बाजाराला?"

"दोन्ही की."

"मग बायको आधी आणा."

बायकांना व्यापार कळत नाही, असं मनाशी म्हणून मी निघालो.

हद्दीवरच्या नाक्याच्या गावात नाणी बदलून देणारा रुद्रप्पा सराफ पथारी टाकून बसलेला असे. मी ऐटीत सहा कलदार त्याच्यापुढं ठेवले. त्यानं सहा हाली दिले आणि वर थोडी चिल्लर.

"सातवा कुटं हाय?"

"सातवा आषाढात हुता," रुद्रप्पा म्हणाला. "आता कापूस निघालाय. सोलापूरचे समदे व्यापारी कलदार घिऊन हितं आल्यात, अन् शेतकरी मागतोय हाली. ज्याला गिऱ्हाईक लई, त्याचा दर वर. वांग्यासारखंच हाय की."

"मग कलदारचा दर चढंल कधी?"

"उद्या चढंल. न्हाय तर परवा."

मी माझे सहा कलदार परत उचलले. एवढं थांबलोय, आणखी एक दिवस थांबू. मायाक्काचं गाव समोरच्या टेकडीपलीकडं होतं, पळून थोडंच जाणार होतं?

टेकडीवर चढलो की ते गाव दिसायचं. मेंढरांचे वाडे, धूर, विहीर. विहिरीवर लाल लुगडं दिसलं आणि मी उठून उभा राहिलो. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण चाल ओळखीची वाटली. मी फेटा सोडून हलवला. लाल लुगड्यानं घागर उचलली आणि ते निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी कलदारचा दर आणखी पडला. तिसऱ्या दिवशीही तसाच. नाक्यावर भजी, चहा, सगळं हालीतच. म्हणजे दर चढायची वाट बघताना जे पोटात घालायचं, त्यासाठी त्याच पडत्या दरानं माझा एकेक कलदार मोडायचा! शेळी रोज थोडी थोडी मीच खात होतो म्हणा ना.

मेंढरं चारत मेव्हणा तात्याबा तिकडं आला.

"दाजी? तुमी हितं काय करताय?"

"दराची वाट बघतोय. मामांना सांग, चढला की आलोच."

त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला.

"आप्पा म्हणले, लेकीला न्यायला दर बघणारा जावई म्या पयल्यांदाच बघितला. बसू द्या म्हणले तितंच."

"आणि तुझी अक्का?"

"ती व्हय? तिच्या शेळीच्या गळ्याला दावं लावत हुती."

आता आली का पंचाईत! असा निरोप गेल्यावर रिकाम्या हातानं त्या दारात कसं उभं राहायचं? दर चढल्याशिवाय इज्जतही चढणार नव्हती. मी पुन्हा टेकडीवर जाऊन लाल लुगड्याची वाट बघत बसलो. खाली सरकीच्या आणि कापसाच्या गाड्या सोलापूरकडं चालल्या होत्या. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात विहिरीवर लाल दिसलं, मग कोण मागं बघतो?

उतरून आलो तर रुद्रप्पा खुशीत होता. "आज एक बाई आली, शेळी इकून. तिनं हाली दिले, कलदार घेतले. कलदार सवंग हाय तवाच घ्यावा की. हप्त्यात श्यानं गिऱ्हाईक तेवढं एकच."

मीही शहाण्यासारखी मान हलवली.

रजा संपली, कलदारही संपत आले. मी मान खाली घालून सोलापूरला परतलो. चाळीत शिरलो तर माझ्या खोलीतून धूर येत होता. उखळात शेंगा कुटल्याचा आवाज.

मायाक्का वर न बघता म्हणाली, "पाय धुवा. भाकरी टाकते."

"तू कशी आलीस?"

"कापसाच्या गाडीतनं. तात्याबा हाय संगट, गिरणी बघाया गेलाय."

"मामा काय बोलले?"

"म्हणले, तो दर बघतोय, तू वाट कशाला बघतीस? जा तुजी तू."

मी उंबऱ्यावरच बसलो. "अगं, मी तिथंच होतो. टेकडीवर."

"दिसला की. हाक मारली म्या."

"मग गाडी थांबवायची."

"वाटलं, तुमचा दर अजून चढला नसंल."

"मी रोज तुलाच बघत होतो. विहिरीवर. लाल लुगड्यात."

उखळातला हात थांबला. पदर तोंडाला लावून ती किती तरी वेळ हसली.

"ती आई हुती माजी. घरी यिऊन म्हणायची, कोण मेलं टेकडीवरनं फेटा हलवतंय."

शेळीच्या पैशातून तिनं स्वतःला लुगडं घेतलं. मला फेटा. त्यानंतर मला गिरणीतून यायला जरा उशीर झाला, की दारातूनच विचारायची, "आज काय दर निघाला?"

हाली रुपया आता बंद झाला. नाक्यावर सराफ बसत नाही. दारात उभं राहून विचारणारीही राहिली नाही. तरी मी रोज दिवेलागणीच्या आत घरी येतो.