आधी थेंब, मग नाव

"यंदाचं नेत्रशिबिर असं होईन, का सारी आष्टी पाहत राहीन!" नानाजींनी बाजारभर सांगून ठेवलं होतं.

बोलायला काय जातं? पण नानाजींना तो हक्क होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याच कापड दुकानाच्या ओट्यावर सेवामित्र क्लब जन्माला आला. मेंबर दोन! एक नानाजी आणि दुसरे समोरचे हार्डवेअरवाले भैय्याजी. उन्हाळ्यात पाणपोई, शाळेच्या पोरांना वह्या आणि हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर. पहिल्या शिबिरात डॉक्टरची पेटी पाहूनच अर्धे म्हातारे शाळेच्या कुंपणावरून उड्या मारून पळाले! तेव्हा भैय्याजींनी नियमच केला. एस.टी.तून म्हातारा उतरला की त्याला बोलू द्यायचं नाही. आधी डोळ्यात थेंब, मग नाव. थेंब पडले की सगळं धूसर दिसतं, मग पळणार कुठे?

पुढे क्लब वाढला, मेंबर वाढले, भैय्याजी मात्र मुलाकडे सुरतेला निघून गेले. हार्डवेअरच्या जागी फोटो स्टुडिओ आला. नानाजी अजूनही सकाळी दोन चहा मागवायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. एकदा मित्राचं तोंड पाहायला मिळावं, एवढ्याचसाठी त्यांनी रौप्यमहोत्सवाचा घाट घातला आणि भैय्याजींना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं.

अडचण एकच होती. गावाचे डोळे दुरुस्त करता करता नानाजींचे स्वतःचेच मोतीबिंदू पिकले होते आणि ऑपरेशनच्या नावानं त्यांना घाम फुटायचा. हे माहीत होतं फक्त त्यांच्या बायकोला, शोभाबाईंना.

"तुम्ही कोणाले ओळखसान तरी का?" त्या म्हणाल्या.

"भैय्याजीले? त्याले तर मी डोळे मिटून ओळखीन!"

शिबिराच्या दिवशी नानाजी बँडवाले घेऊन स्टँडवर उभे राहिले. एस.टी. आली. पांढरं धोतर, काळा कोट, उंच बांधा असं काहीतरी दारातून उतरलं आणि नानाजींनी गळ्यात हार घालून त्याला गच्च मिठी मारली. "आलास बाप्पा! किती वाट पाह्यली तुही!" ते रडायलाच लागले. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. नव्या मेंबरांनी भैय्याजींना कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे अडवणार कोण?

तो माणूस होता तानबा, बाजाराला बैल घ्यायला आलेला. गळ्यात पडून रडणारा व्यापारी त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

आणि खरे भैय्याजी? मित्राला चकित करावं म्हणून ते आधीच्याच गाडीनं येऊन थेट शाळेत पोचले होते. फाटकावर क्लबचा नवा सचिव प्रफुल उभा होता. त्यानं म्हातारा पाहिला आणि दंड धरला.

"अबे सोड! मी पेशंट नोहो! या क्लबचा संस्थापक आहो मी!"

"हो बाबा, भेऊ नका. मांगच्या साली एक जण कलेक्टर होते."

"अबे, हा नियम माह्याच हाय!"

"मंग तर तुमाले समदं माईतच हाय!" टप, टप! दोन्ही डोळ्यांत थेंब पडले आणि संस्थापक बाकावर रांगेत जाऊन बसले.

तिकडे शाळेच्या पटांगणातल्या मंडपात तानबाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. नानाजी त्याचा हात सोडायला तयार नव्हते. "आवाज किती बदलला बे तुहा!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तानबा माईकसमोर उभा राहिला. "लय मान देल्ला, बरं वाटलं," तो म्हणाला. "आता बैल दाखवा!"

मंडप हसून लोळायला लागला. नानाजींच्या हातातून तानबाचा हात हळूच सुटला. म्हणजे भैय्याजी आलाच नाही?

इतक्यात पेशंटांना चहा द्यायला गेलेल्या शोभाबाईंचा आवाज आला. "अवं माय! भैय्याजी, तुमी या लाईनीत काऊन बसले?"

त्यांनी भैय्याजींना हाताला धरून मंचावर आणलं. दोघे मित्र हवेत चाचपडत एकमेकांना सापडले.

"मले तर थेंबानं दिसून नाई राह्यलं," भैय्याजी म्हणाले. "तुले काऊन नाई दिसलं बे?"

नानाजी हात सोडवून मागे सरकायला लागले.

"प्रफुल! धर याले! बोलू देऊ नको!" भैय्याजी ओरडले.

दुपारी नानाजींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भैय्याजी खाटेशी बसून होते, म्हणून ते कुंपणाकडे पळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि समोर दात पडलेला, वाळलेला एक म्हातारा दिसला.

"अबे, तू इतका बुढा कवा झाला?"

"कवाचाच झालतो. तुले आता दिसून राह्यलं."

दोघे हसले. मग गाडीची वेळ झाली, सुरतेचं तिकीट त्याच दिवसाचं होतं. "फिरून येजो," नानाजी म्हणाले. भैय्याजींनी मान हलवली, पण ती खरी की खोटी हे आता नानाजींना चांगलंच कळत होतं. गाडीच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. खिडकीतून हलणारा हात पार वळणापर्यंत दिसला.

"दोन दिवस उशिरा केलं असतं ऑपरेशन, तरी चाललं असतं," नानाजी पुटपुटले.

"डोळ्यातून पाणी काढू नका म्हनलं डाक्टरनं," शोभाबाई म्हणाल्या.

"पाणी नोहे ते! आताच थेंब टाकले ना!"

शोभाबाईंनी पिशवीतून थेंबांची बाटली काढली. तिचं सील अजून तसंच होतं.