शिष्टरांचा शेरा

आमच्या वाचनालयातल्या एका साडेचारशे पानी कादंबरीच्या आत एक चिठ्ठी डकवलेली आहे. तिच्यावर लाल शाईत, टपोऱ्या अक्षरांत लिहिलंय : 'दाखल करण्यापूर्वीच मयत.' खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

सही मालन शिष्टरांची.

शिष्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. सगळी नोकरी वेल्ह्यात झाली, आणि निवृत्तीनंतरही त्या तिथंच राहिल्या. तालुक्यातल्या निम्म्या माणसांना जन्मल्याबरोबर पाठीवर पहिली चापट आपणच मारली, असं त्या अभिमानानं सांगतात. त्यामुळं तिकडं त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. चापट अजून सगळ्यांच्या लक्षात असावी.

मी भोरच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. पुस्तकं देणं, घेणं, पंखा चालू-बंद करणं आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कुणी आधी भरून ठेवलं यावरून होणारी भांडणं मिटवणं, एवढं माझं काम. दर गुरुवारी शिष्टर नसरापूरला एसटी बदलून यायच्या. उंच, शिडशिडीत, अंबाडा घट्ट, मनगटावर पुरुषी घड्याळ. काऊंटरवर नवीन पुस्तकं मांडलेली असायची. त्यांच्याकडं त्या ढुंकून बघायच्या नाहीत.

"शिष्टर, हे नवीन आलंय. सगळे नावाजतायत."

"नवीन पुस्तक म्हणजे नवीन जावई, सुधीरभाऊ. पयले सहा महिने सगळेच नावाजतात. जुनं होऊ द्या. नावाजणारी माणसं जाऊ द्या. मग मी नाडी बघते."

मग त्या थेट मागच्या खोलीत. तिथली कपाटं कुणी उघडत नसे. धूळ, कसर आणि पिवळी पानं. त्यातलं एकेक पुस्तक त्या न्यायच्या आणि पुढच्या गुरुवारी चिठ्ठी लावून आणायच्या. मी सुरुवातीला हरकत घेतली. वाचनालयाच्या पुस्तकावर वाचकानं शेरे लिहू नयेत, असा नियम आहे.

"पेशंट तपासला की केसपेपर लिहावाच लागतो," शिष्टर म्हणाल्या. "तुमचा नियम वाईट हाय."

नियम तसाच राहिला आणि चिठ्ठ्याही राहिल्या.

वाचत गेलो तसा मलाच त्यांचा नाद लागला. एका सामाजिक कादंबरीवर लिहिलं होतं : 'नायिका एकोणीस वेळा रडते. एकदाही चूल पेटवत नाही. घरातले जेवतात कधी? वाचू नये.' पाककृतींच्या पुस्तकावर : 'मीठ चवीनुसार, तिखट आवडीनुसार, पाणी अंदाजे. सगळं मीच ठरवायचं तर बाईंनी काय लिहिलं?' घरगुती औषधांच्या पुस्तकावर मात्र मोठ्या अक्षरांत : 'अत्यंत धोकादायक. तरी टाकू नये. लोकांनी पूर्वी काय काय सोसलं, ते कळलं पाहिजे. कुलपात ठेवावे.' भातावरच्या किडीची एक जुनी पुस्तिका होती. ती त्यांनी धडधाकट ठरवली. 'कीड मारायचे उपाय निकामी. पण गुंजवण्याच्या बाजूला पूर्वी पिकायची ती भाताची नावं यात आहेत. मोठ्यानं वाचावीत.' आणि एका कवितासंग्रहावर फक्त इतकंच : 'कळलं नाही. तरी दोनदा वाचलं. म्हणजे काहीतरी असेल. निरीक्षणाखाली ठेवा.'

हे सगळं असंच चाललं असतं. पण आमच्या अध्यक्षांना मागची खोली हवी झाली.

आमचे अध्यक्ष नाना. वकिली केलेला, सरळ माणूस. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना बसायला जागा नव्हती. कुणी देवळात बसून अभ्यास करायचं, कुणी एसटी स्टँडवर. मागच्या खोलीत अभ्यासिका करायची, जुनी पुस्तकं टेम्पोत भरून रद्दीत द्यायची, असा ठराव बैठकीत मांडला गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी मान त्या कामात तरबेज आहे.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "तपासलं कुणी?"

शिष्टर उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात ओली छत्री.

"शिष्टर, ही कमिटीची बैठक आहे," नाना म्हणाले.

"मी वर्गणीदार हाय. तपासलं कुणी ते सांगा. एवढ्या सगळ्यांना मयत म्हणून दाखला देताय. नाडी कुणी बघितली?"

"अहो, वर्षानुवर्षं कुणी नेलेली नाहीत ती पुस्तकं."

"माझ्याकडं बी वर्षानुवर्षं कोण येत न्हाई. मला बी टेम्पोत घालणार का?"

नानांनी चष्मा पुसला. मुलांना जागा हवी, हे त्यांनी समजावून सांगितलं.

"द्या की जागा," शिष्टर म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणते? मेलेली बाहेर काढा, जितकी जिती असतील ती भिंतीला लावा. पोरं मधे बसतील. पण कोण मेलंय ते बघितल्याबिगर एकालाबी हात लावायचा न्हाई."

"आणि बघणार कोण?"

"मी."

नाना वकील. समोरच्याला मुदत दिली की तो थकतो, हे त्यांना माहीत. "ठीक आहे. गणपती उठले की टेम्पो येईल. तोवर तुम्ही तपासून ठेवाल तेवढं राहील, बाकी जाईल."

त्या दिवसापासून शिष्टर गुरुवारच्या ऐवजी एक दिवसाआड यायला लागल्या. वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. तो पडत नाही, मुक्कामाला येतो. अशा पावसात ही बाई खताच्या रिकाम्या गोणीत पुस्तकं बांधून एसटीनं न्यायची आणि आणायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, "शिष्टर, पोत्यात काय, इंद्रायणी तांदूळ का?"

"पेशंट," शिष्टर म्हणाल्या. "धक्का लावू नको."

कमिटीतले काही जण मला बाजूला घेऊन विचारायचे, ही खरंच वाचते, की वरवर चाळून चिठ्ठ्या लावते? मला माहीत होतं. बासष्टाव्या पानावरची चूक एकशे चाळिसाव्या पानावर पकडणारी बाई चाळत नसते. पण मी गप्प बसायचो. माझ्या मानेसारखीच माझी जीभही कमिटीला घाबरते.

गणपती उठले. नानांनी बैठक बोलावली. शिष्टरांनी पास केलेल्या पुस्तकांचा ढीग मांडला होता, आणि तो नानांना वाटला होता त्याहून बराच मोठा होता. शेजारी मयतांचा ढीग. नानांनी पास झालेल्यांकडं पाहिलंही नाही. ते मयतांच्या ढिगापाशी गेले, एक पातळसं पुस्तक त्यांनी उचललं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कुणाचं आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"तुमच्या आजोबांचं," शिष्टर म्हणाल्या. "वर नाव हाय की."

नानांच्या आजोबांनी स्वतः छापलेलं ते उपदेशपर पुस्तक. दरवर्षी वर्धापनदिनाला नाना भाषणात त्याचा उल्लेख करतात. त्यावर शिष्टरांची चिठ्ठी होती : 'मयत.'

"काय वाईट आहे ह्यात?" नानांचा आवाज चढला.

"पहाटे उठावं. खोटं बोलू नये. वडिलांचं ऐकावं. बायकोला फार बोलू देऊ नये. नव्वद पानं हेच. नाना, तुमचे आजोबा मोठे होते म्हणून पुस्तक जितं होत न्हाई."

सेक्रेटरींनी उगाचच कागद सारखे केले. मला वाटलं, आता सगळीच पुस्तकं टेम्पोत जाणार, आणि पाठोपाठ मीही.

"पण चिठ्ठी पुरी वाचा," शिष्टर म्हणाल्या.

नानांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. खाली बारीक अक्षरांत होतं : 'पान त्रेपन्न जिवंत.'

"वाचा मोठ्यांदा."

नानांनी त्रेपन्नावं पान काढलं. वकिली आवाजात सुरुवात केली. त्या पानावर आजोबा उपदेश करायचं विसरले होते. नीरेला पूर आलेला. सासूबाईंना पलीकडं न्यायचं. होडी नाही, म्हणून गूळ शिजवायची मोठी काहील आणलेली. आजोबा आणि सासूबाई काहिलीत समोरासमोर बसलेले, काहील भोवऱ्यासारखी गरगरतेय, आणि सासूबाई जावयाच्या सात पिढ्या उद्धरतायत. शेवटी आजोबा त्यांचे पाय धरून म्हणतात, आई, शिव्या द्या पण हलू नका. पलीकडं पोचल्यावर दोघंही चिखलात बसून हसत सुटतात.

नानांचा आवाज मधेच अडला. ते हसत होते की काय, ते कळेना. सेक्रेटरी मात्र डोळे पुसून हसत होते.

"मी हे कधी वाचलंच नव्हतं," नाना म्हणाले. "पहिली दहा पानं... तेवढीच." मग त्यांनी तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून बघितलं. "आजोबा हसायचे, हे घरात कुणी सांगितलंच नाही."

"एका पानासाठी पुस्तक ठेवायचं का न्हाई, ते तुमी ठरवा," शिष्टर म्हणाल्या. "मी नव्वद पानांचं लिवलं, एकाचं बी लिवलं. माझं काम झालं."

पुस्तक राहिलं. पास झालेली सगळीच राहिली. भिंतींना उंच फळ्या ठोकल्या, मधे टेबलं लावली, मुलं अभ्यासाला बसू लागली. खऱ्या मयतांना घेऊन टेम्पो गेला, तेव्हा शिष्टर बाहेर उभ्या होत्या आणि ताडपत्री नीट बांधा म्हणून ड्रायव्हरला दटावत होत्या. कमिटीनं शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. शिष्टरांनी निरोप पाठवला : शाल मला सोसत न्हाई, नारळ सोलायला माणूस न्हाई, येत न्हाई.

आणि मग त्या खरंच येईनाशा झाल्या. तपासायची राहिलेली शेवटची आठ पुस्तकं त्यांच्याकडं होती. दोन गुरुवार गेले, तिसरा गेला. फोन वाजत राहायचा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मीच एसटीत बसलो.

वेल्ह्यात शिष्टरांचं घर विचारावं लागत नाही. तहसीलच्या मागच्या आळीत दोन खोल्या, पुढं पडवी. दार उघडं होतं. आतून शिष्टरांचा आवाज येत होता. त्या मोठ्यानं वाचत होत्या. कुणी पाहुणं आलंय वाटतं, म्हणून मी पायरीवरच थांबलो.

वाचता वाचता त्या थांबल्या. "हं? कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. "मला बी तसंच वाटलं," त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

मी आत डोकावलो. त्या एका खाटेवर बसल्या होत्या. समोर दुसरी खाट. तिच्यावर घडी केलेली वाकळ, उशाला फणी आणि जाड भिंगांचा चष्मा. माणूस नव्हतं.

"कधीपासून उभे हाय?" शिष्टर कडाडल्या.

"आत्ताच आलो."

"खोटं बोलू नका. बसा."

कुठं बसावं ते मला कळेना. त्यांनी समोरच्या खाटेकडं बोट केलं. मी अगदी कडेला टेकलो.

चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. चंद्राबाई दवाखान्यात आया होत्या. तीस वर्षं दोघींनी एकत्र काम केलं. चंद्राबाईंना मागं कुणी नव्हतं, शिष्टरांनाही नव्हतं. निवृत्त झाल्यावर शिष्टरांनी त्यांना घरी आणलं. चंद्राबाईंना अक्षर येत नव्हतं, पुढं नजरही गेली. मग रोज दुपारी शिष्टर वाचायच्या आणि चंद्राबाई ऐकायच्या.

"मला सगळीच पुस्तकं बरी वाटायची, सुधीरभाऊ. छापलंय म्हणजे बरंच असणार, असं वाटायचं. तिचं तसं नव्हतं. मधेच म्हणायची, शिष्टर, ही बाई नुस्ती रडतीय, हिला काम द्या. निकाल तिचा. मी नुस्ती लिवणारी."

"मग त्यांचं नाव का नाही घातलंत?"

"आयाचं मत तुमच्या कमिटीनं ऐकलं असतं?" शिष्टरांची मान ताठ झाली. "लिवणं येत न्हाई ती पुस्तकाचा निकाल लावती, म्हणून हसले असते. मला ते चाललं नसतं. म्हणून माझी सही."

"आणि आता त्या..."

"दोन वर्षं झाली."

मला चिठ्ठ्या आठवल्या. या पावसाळ्यातल्या सगळ्याच चिठ्ठ्या.

"ती काय म्हणाली असती, ते ठाऊक हाय मला," शिष्टर म्हणाल्या. "तेच लिवते. पण ही आठ राहिली. आता तिचं ऐकूच येईना झालंय नीट." त्यांनी पुस्तक उघडलं. "आलाय तर ऐका."

त्यांनी एक प्रकरण वाचलं. गावाकडून शहरात गेलेला कुणी तरुण, त्याचं पत्र, त्याची आई. मी मन लावून ऐकलं.

"बोला."

"चांगलं आहे."

"चंद्रा म्हणाली असती, पत्र लई लांबलंय."

"हो, तसं लांबलंय खरं."

शिष्टरांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. चिडल्या असाव्यात असं वाटलं. पण बोलल्या तेव्हा आवाज अगदी खाली आला होता.

"असं लगेच कबूल होऊ नका हो. ती भांडायची. भांडा की जरा."

मी आयुष्यात कुणाशी भांडलेलो नाही. पण त्या दिवशी वेल्ह्यात, त्या खाटेवर नीट मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "शिष्टर, पत्र लांबलेलं नाही. एकट्या पोरानं आईला लिहिलेलं पत्र लांबच असतं. तुम्हाला कळलेलं नाही ते."

"मला कळलं न्हाई?" शिष्टर उसळल्या. "मला?"

आणि लाल पेन माझ्यावर रोखून, दोन वर्षांचं साठलेलं सगळं घेऊन, त्या भांडायला लागल्या.