किसनरावांचे माप

भल्या पहाटे शेजाऱ्याचे दार ठोठावून त्याला कोळ्याचे जाळे पाहावयास बोलावणे, हा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणास दिलेला नाही. हे मी किसनरावांना लेखी कळविले. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि मला हाताला धरून जाळ्यापुढे उभे केले.

"बघा वकीलसाहेब. मापात हाय."

मी वकील नाही. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून आहे. किसनराव वसमतच्या बाजारात हळद तोलणारे मापाडी होते. काटा सुटला, तोलण्याची खोड सुटली नाही. आता ते देवाचा माल तपासतात, आणि तो दरवेळी पुरा भरतो. मुंगीची कंबर मापात, लिंबाच्या फोडी मापात, हळदीच्या पानावरचा थेंबसुद्धा मापात. देवाविरुद्ध माझ्या मात्र पुष्कळ तक्रारी आहेत. पत्ता नसल्यामुळे त्या प्रलंबित आहेत.

खरा वाद पेटला तो टपालपेटीवरून. सुगीत किसनराव ज्वारीच्या कणसांची जुडी चिमण्यांसाठी दाराला बांधतात. यंदा ती त्यांनी माझ्या फाटकाला बांधली. चिमणीने दाणे खाल्ले आणि संसार मांडला माझ्या पेटीत. माझ्या अर्जांना कचेऱ्यांची उत्तरे यायची होती, तरी किसनरावांनी माझे टपाल आपल्याकडे देण्यास पोस्टमनला परस्पर बजावले. दुसऱ्याचे टपाल अडविणे हा गुन्हा आहे, असे मी त्यांना सुनावले.

"अडवून कुठं राहिलो? आणून देतो की. पन पेटीचं तोंड बघा. चिमणी बराबर जाते, मांजर जात न्हाई. देवाबिगर कोन घेईल आसं माप?"

"पेटी करणाऱ्या वेल्डरने घेतले. माझ्या लिफाफ्यावरून."

"मंग त्यानं तुमच्या हातून घेतलं म्हना."

एके दुपारी ते टपाल घेऊन आले नाहीत, म्हणून जाब विचारण्यास मीच गेलो. ते चुलीपुढे भाकरी थापत होते. एक टोपल्यात होती, दुसरी तव्यावर. कोणी पाहुणे यायचे आहेत का, असे मी विचारले.

"न्हाई. मंडळी गेली तवापासून रोज एक जास्तच होऊन राहिली," ते तव्याकडे पाहत म्हणाले. "मंग देतो पाखरायला कुस्करून. तेवढं एक माप हाताला समजंना."

वर्षभर ते पाखरांना भाकर घालताना मी पाहत होतो. तो मी धर्म समजत होतो.

निघताना त्यांनी माझे टपालाचे पाकीट दिले, पण हातातून लवकर सोडले नाही.

"पिल्लं उडाली की टपाल पेटीतच पडंल ना?"

नियम तोच आहे, असे मी सांगितले.

पुढे पिल्ले उडाली. मी पेटी उघडून समक्ष पाहणी केली. आत गवत आणि दोन पिसे होती. मग टेबलाशी बसून पोस्ट कचेरीस अर्ज लिहिला: 'पेटीत घरट्याचा वापर चालू असल्याने माझे टपाल पुढील सूचनेपर्यंत शेजारी श्री. किसनराव यांच्याकडेच द्यावे.' माझ्या कोणत्याही अर्जात यापूर्वी असत्य विधान नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव फाटकाशी घुटमळले. पेटी रिकामी आहे, हे त्यांनाही दिसत होते.

"आज टपाल आलं न्हाई, साहेब."

"तेही रोज समक्ष येऊन कळविणे आवश्यक आहे," मी म्हणालो. खानावळीतून माझा एकट्याचा डबा नुकताच आला होता. तो मी तसाच झाकून ठेवला. "आणि येताना ती जास्तीची भाकर घेऊन या."