तीन तबकड्या आणि माझा एक कान

मोजमापावर माझ्याइतका विश्वास ठेवणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! प्रयोगशाळेत तापमापकांची अचूकता तपासणे हा माझा व्यवसाय. ‘मला वाटतं’ हे शब्द मी सहकाऱ्यांना उच्चारूही देत नाही. त्यामुळे खासगी वैमानिकाचा परवाना हाती येताच, ढगांत केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची परीक्षा म्हणजे आपल्या हातचा मळ, असे मी घरीदारी जाहीर करून टाकले.

प्रशिक्षक माझी सख्खी थोरली बहीण. उद्या मला परीक्षेला पाठवायचे की नाही, हे ती आजच्या उड्डाणावरून ठरवणार होती.

आकाशात तिने माझ्या डोक्यावर लांब चोचीची टोपी चढवली. बाहेरचे सारे बंद; दिसत होत्या फक्त समोरच्या उपकरणांच्या तबकड्या.

“आता डोळे मीट,” शेजारी बसलेली ताई म्हणाली. विमान स्वतःकडे घेऊन तिने सावकाश काहीतरी केले, मग एक हिसका दिला. “उघड. घे तुझ्या ताब्यात.”

डोळे उघडले तो काय! विमान डावीकडे साफ कलंडलेले! मी तत्परतेने उजवीकडे वळवले.

“काय करतोयस?”

“सरळ करतोय!”

“सरळच होतं. तबकडी बघ.”

“बिघडलीय ती.”

“आणि शेजारची?”

“तीही.”

“तिसरी, होकायंत्राची?”

“ताई, मला हा विजेचा दोष वाटतो!”

“वाटतो? आणि होकायंत्राला वीज कधीपासून लागायला लागली?”

तेवढ्यात रेडिओवर नियंत्रण कक्ष खरखरला. “तुम्ही गोल गोल का फिरताय?”

“मी नाकासमोर चाललोय!” मी ठणकावले.

“आमच्या पडद्यावर तुमची तिसरी फेरी चालू आहे.”

“मग पडदा तपासून घ्या!”

रेडिओ पुन्हा खरखरला. “सोबत कोणी मोठं माणूस आहे का?”

ताईने कपाळाला हात लावला. “अरे, मी हळूच उजवीकडे कलवलं, ते तोल सांगणाऱ्या तुझ्या कानाला कळलंच नाही. झटकन सरळ केलं, तेवढं कळलं, आणि तुला वाटलं डावीकडे कलंडलो. म्हणून सगळी यंत्रं खोटी आणि तुझ्या कानातलं थेंबभर पाणी खरं? तुझ्या प्रयोगशाळेत असा निष्कर्ष कोणी आणला असता तर?”

“हाकलला असता,” मी पुटपुटलो.

मग मात्र मी दातओठ खाऊन तबकड्यांवर नजर रोवली. सारे शरीर ‘पडलो, पडलो’ अशी बोंब मारत होते. पुराव्याअभावी मी त्याची दखल घेतली नाही. उंची, दिशा, वेग... धावपट्टीच्या रोखाने उतरत गेलो, आणि एकही काटा भरकटला नाही!

“काढ टोपी.”

समोर धावपट्टी! अगदी नाकासमोर! फक्त जराशी कलती.

“ताई, ही तिरपी बांधलीय का गं?”

“विमान सरळ आहे, धावपट्टीही सरळ आहे. जा उद्या परीक्षेला, पाठवते मी,” ताई म्हणाली. “पण आधी माझ्या खांद्यावरचं डोकं उचल. परीक्षक असं टेकू द्यायचे नाहीत!”