पाठमोरे नेने

आमच्या शेजारचे नेने वर्षानुवर्षं रेसला गेले, पण घोडा पळताना त्यांनी बघितला नाही. ऐकीव सांगत नाही, मी स्वतः तिथे होतो. घोडे सुटले, पब्लिक बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलं, आणि नेने मैदानाकडे पाठ करून चहात बिस्कीट बुडवत होते.

मी खडकीच्या फॅक्टरीत आयुष्य काढलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत. रिटायर झालो, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मुलाने वानवडीला फ्लॅट घेतला. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत. अमेरिका उठली की हा कामाला बसतो. माझ्या बायकोला, शांताला, नव्या घरातला ओटा फार आवडला होता. तिला तो फार दिवस मिळाला नाही.

ती गेली तेव्हा सगळी सोसायटी भेटायला आली. सगळे हळू आवाजात बोलायचे, जसं काही मीच आजारी होतो. नेने आले, समोर बसले. मी पाणी आणायला उठलो तर माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "उजव्यावर भार टाकत नाही आहात. गुडघा दाखवून घ्या." आणि गेले. मला राग आला. गुडघा खरंच दुखत होता म्हणून जास्त आला.

पुढे कळलं की नेने सगळ्यांना असंच बघतात. तोंड नंतर, पाय आधी. बँकेतून वेळेआधी रिटायर झालेले, लग्न केलेलं नाही, कडक इस्त्रीचा हाफ शर्ट आणि पाऊस असो-नसो हातात छत्री. संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर बसायचे आणि चालायला निघालेल्या लोकांचं मोजमाप काढायचे. सेक्रेटरी सुरुवातीला जोरात, शेवटच्या वळणाला दम नाही. वरच्या मजल्यावरच्या देशमुखबाई चिखलात सुद्धा उत्तम जातील. देशमुखांनी एकदा होणारा जावई ओळख करून द्यायला खाली आणला. नेन्यांनी त्याला पुढून बघितलं, मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "मागचे पाय चांगले आहेत." देशमुख कितीतरी महिने त्यांच्याशी बोलत नव्हते. नेन्यांना कळेना, एवढी स्तुती करून माणूस चिडला का.

ही विद्या रेसकोर्सवरची. सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं की नेने रविवारी रेसला जातात आणि सगळे समजायचे की पैसे उडवतात. नेने फारसे लावायचेच नाहीत. लावले तर हरले काय, जिंकले काय, घरी येऊन त्याच आवाजात "दूध आलं का" विचारायचे. मग हा माणूस जातो कशाला, हे मला पडलेलं कोडं. बायको गेल्यावर माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवायला वेळ भरपूर मिळतो.

डर्बीच्या, म्हणजे मोसमातल्या मोठ्या रेसच्या, आधी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "अहो कांबळे, रविवारी मोकळे आहात का?"

मी म्हटलं, मी आता सगळेच वार मोकळा आहे.

"घोड्यांतलं काही कळतं?"

नाही म्हटलं.

"उत्तम. ज्यांना कळतं ते फार बोलतात. लांबचं दिसतं ना नीट?"

म्हटलं, दिसतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला बाहेर काढायचं सोसायटीने ठरवलंय आणि नेन्यांना पुढे केलंय. मुलगा तर खूश झाला. म्हणाला, जा बाबा, मन रमेल. मन रमवायला निघालेल्या माणसाचं तोंड असतं तसं तोंड करून मी रिक्षात बसलो.

रेसच्या आधी घोडे एका गोल आवारात फिरवतात. त्याला पॅडॉक म्हणतात. एकेका घोड्याला एकेक मोतद्दार लगाम धरून गोल गोल नेतो आणि बाहेर कठड्याला टेकून लोक अंदाज बांधतात. नेने कठड्याशी पोचले आणि चष्मा कपाळावर चढवला. जवळचं त्यांना तसंच दिसतं.

मी रेसच्या छापील पुस्तकातली घोड्यांची नावं वाचायला लागलो. सगळी इंग्रजी आणि भारदस्त. नेने म्हणाले, "ती नावं मालकांच्या हौशीची. आपण आपली ठेवू." आणि त्यांनी एकेकाचं बारसं केलं. मान ताठ ठेवून कोणाकडे न बघता चालणारा काळा घोडा हा हेडमास्तर. अंगाला तेल लावल्यासारखा चमकणारा आणि पळायच्या आधीच घामाने निथळलेला तो नवरदेव. पोट सुटलेला, दर चार पावलांनी लोकांकडे बघणारा तो आमदार. आणि सगळ्यांत मागून, खाली मान घालून, एकसारखी पावलं टाकत येणारा तांबूस लहानखुरा घोडा, त्याला नेने म्हणाले कारकून.

"बँकेत असता तर तीस वर्षांत एक रजा घेतली नसती याने," नेने म्हणाले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जी माया दिसली ती मी देशमुखांच्या जावयाच्या वेळेला पाहिली नव्हती.

मग स्थळ बघावं तशी चर्चा सुरू झाली. म्हणजे चर्चा त्यांची, हुंकार माझा. हेडमास्तराचं घराणं मोठं, बाप डर्बी जिंकलेला, पण मुलाला लांब पल्ल्याची सवय नाही. नवरदेव देखणा, पण मैदान ओलं आहे, याला पाय खराब झालेले चालणार नाहीत. आमदारावर सगळ्या पब्लिकचे पैसे आहेत, "म्हणजे नेहमीसारखंच," नेने म्हणाले. शेवटी हेडमास्तर पहिला, नवरदेव दुसरा असा निकाल त्यांनी दिला.

मी विचारलं, आणि कारकून?

नेन्यांचे डोळे त्याच्या पायांवर. कारकून आमच्या समोरून गेला. पुन्हा फेरी मारून आला. नेन्यांनी माझा दंड धरला. "पुढचा डावा बघा. टेकवतो, पण पूर्ण भरवसा टाकत नाही."

मला काही दिसलं नाही. माझ्या मते तो चारही पाय टाकत होता. नेने कठड्यावरून वाकले आणि मोतद्दाराला म्हणाले, जरा पुढचा डावा बघून घ्या हो. तो बिचारा म्हणाला, काका, सकाळी डॉक्टरने बघितलाय, ठीक आहे. त्याचंही बरोबर. कठड्यावरून वाकून सांगणारी माणसं त्याला रोज भेटत असणार. जॉकी चढले, घोडे मैदानात गेले. सगळं पब्लिक स्टँडकडे धावलं आणि नेने उलटे, चहाच्या टपरीकडे निघाले.

"मी इथे आहे," ते म्हणाले. "तुम्ही कठड्याशी उभे राहा. पहिला कोण येतो ते बघू नका, ते सांगायला लाऊडस्पीकर आहे. रेस झाल्यावर घोडे परत येतात. ते मोजा. बारा गेलेत."

मी म्हटलं, नेने, हे काय खूळ?

तेव्हा त्यांनी सांगितलं. बँकेत नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. त्यांचा घोडा पहिला आला आणि ते उड्या मारत होते, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की त्याच रेसमध्ये एका घोड्याचा पाय मोडला. मैदानावरच पडदा लावून त्याला संपवला.

"माझ्या समोर झालं हो ते. आणि मला दिसलं नाही. चालत असतात तोपर्यंत बाराच्या बारा आपले असतात, कांबळे. पळायला लागले की आपण एकाचे होतो." त्यांनी चहा मागवला. "आजवर माझे मीच मोजत होतो. या वर्षी त्या टोकाचं दिसेनासं झालंय."

म्हणजे मला कोणी दया म्हणून आणलं नव्हतं. या माणसाला डोळे हवे होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

रेस सुरू झाली ती आरडाओरड्यावरून कळली. माझ्या समोरून काहीतरी रंगीत धडधडत गेलं, जमीन हलली, आणि संपलं. लोक तिकिटं फाडायला लागले. मी मोजायला लागलो. घोडे संथ परत येत होते. एक, दोन, मग तिघं एकदम. मी परत मोजले. मग टपरीकडे गेलो.

शांताच्या वेळी दवाखान्यात शेवटी सगळे मला गोलगोल सांगत होते. त्याने काही सोपं झालं नाही. मी म्हटलं, "अकरा. कारकून नाही."

नेन्यांनी चहाचा ग्लास फळीवर ठेवला आणि वळले. कठड्यापर्यंत आले, तो दोन्ही हातांनी धरला. "पडदा?"

"पडदा नाही. डॉक्टरची गाडी निघालीय त्या टोकाला."

"पडलाय?"

"उभा आहे. जॉकी उतरलाय, बाजूला उभा आहे."

"पाय?"

"उचलून धरलाय." मग मी म्हटलं, "थांबा. टेकवला."

तो मोतद्दार चिखलातून धावत गेला, घोड्याची मान कुशीत घेतली, आणि दोघं निघाले. गाडी त्यांच्या मागून हळूहळू. मी एकेक पाऊल सांगत होतो. टेकवला, उचलला, थांबला, चालला. मागे लाऊडस्पीकर पुढच्या रेसचे भाव सांगत होता. त्या टोकाकडे कोणी बघत नव्हतं.

ते दोघं अगदी जवळ आले. एवढ्या जवळचं नेन्यांना दिसायला हवं. बघतो तर त्यांनी डोळे गच्च मिटलेले.

म्हटलं, अहो, उघडा आता, समोर आहे.

"तुम्हीच सांगा," नेने म्हणाले.

मग मी सांगितलं. कान पुढे आहेत. गुडघ्यापर्यंत चिखल आहे. मोतद्दार त्याच्याशी काहीतरी बोलतोय. लंगडतोय, पण चालतोय, स्वतःच्या पायाने चाललाय, आता तबेल्याच्या वळणावर आहे. शांता गेल्यापासून एवढं सलग मी कोणाशी बोललो नव्हतो. घोडा वळून दिसेनासा झाला तरी मी थोडा वेळ सांगतच होतो आणि नेने मान हलवत होते.